सारसाची पट्टी

पक्ष्याच्या गाण्याचं आज ऐकायला मिळणारं सर्वांत जुनं ध्वनिमुद्रण १८८९ सालचं आहे. जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये लुडविग कॉख नावाच्या शाळकरी पोरानं वडिलांनी आणून दिलेल्या एडिसनच्या फोनोग्राफसमोर पाळीव पक्ष्याचा पिंजरा ठेवला आणि मेणाच्या नळकांड्यावर त्याचं गाणं उतरवून घेतलं. हा कॉख पुढं हिटलरच्या राजवटीतून निसटून इंग्लंडला गेला आणि बीबीसीवर पक्ष्यांच्या आवाजांचे कार्यक्रम करून तिथल्या घराघरांत पोचला. पण मला कॉखपेक्षा त्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याचंच अप्रूप जास्त वाटतं. तो शामा होता. आपल्याकडचा.

त्या मुद्रणात खरखर इतकी आहे, की पहिल्यांदा ऐकताना शेजारच्या घरी भजी तळताहेत असं वाटतं. खरखरीच्या आडून शामा डोकावतो, एखाद-दुसरी तान घेतो आणि पुन्हा बुडतो. पूर्व विदर्भातल्या बांबूच्या रानात हा पक्षी दिसतो कमी, ऐकू येतो जास्त. ओढ्याकाठच्या गच्च सावलीतला रहिवासी. पाठीनं काळाभोर, पोटानं तांबूस, बुडाशी पांढरा, शेपूट अंगाला न शोभण्याइतकी लांब. सूर्य बुडाल्यावर बाकीचे पक्षी आवराआवर करायला लागले की याचं सुरू होतं, आणि गाताना दुसऱ्यांच्या नकलाही करतो. म्हणजे पक्ष्याचा आवाज यंत्रात पकडण्याच्या धंद्यात आमच्या झाडीतल्या पाखराचा जातभाई अगदी पहिल्या दिवसापासून हजर आहे. फक्त त्याला कुणी विचारलं नव्हतं.

आता हेच पाखरू मोबाइलवर हव्या त्या वेळी मिळतं. ‘ध्यानासाठी बासरी आणि जंगल’ अशा नावाचे तीन-तीन तासांचे तुकडे असतात. मागं धबधबा, पुढं बासरी, आणि अधूनमधून एक पक्षी. थोडा वेळ कान देऊन ऐकलं तर कळतं, की तो एकच पक्षी आहे, एकच हाक आहे, ठरावीक अंतरानं तीच तीच चिकटवलेली. खरा पक्षी एकाच जागी बसून मोजून-मापून हाक मारत नाही. मधेच गप्प होतो, उडतो, दुसऱ्या झाडावरून अर्धवट काहीतरी बोलतो. तो असा सोयीनं वागत नाही म्हणून त्याची सोय करून घेतलेली असते. दातांच्या दवाखान्यात, हॉटेलच्या लिफ्टमध्ये हे संगीत वाजत असतं, आणि दाढ काढायला आलेला माणूस त्यानं शांत होतो असं म्हणतात. होत असेल. मी होत नाही.

माझी तक्रार संगीताबद्दलची आहे. आपल्याकडे साथीला बसणारा माणूस ऐकत असतो. गवई कुठं थांबला, कुठं चुकला, कुठं रंगला हे तबलजीला कळतं आणि ठेका त्याप्रमाणे बदलतो. ध्वनिमुद्रित पक्षी ऐकत नाही. मग त्याला साथीला बसवायचं तरी कसं? या प्रश्नाची उत्तरं निरनिराळ्या लोकांनी निरनिराळी दिली आहेत, आणि त्यातली निदान दोन-तीन फार गमतीची आहेत.

साल १९२४. मे महिन्याच्या १९ तारखेला इंग्लंडच्या सरे परगण्यात ऑक्स्टेड इथं बिॲट्रिस हॅरिसन ही चेलोवादक रात्री आपल्या बागेत चेलो घेऊन बसली. आपण वाजवायला लागलो की झुडपातला नाइटिंगेल गायला लागतो असा तिचा अनुभव होता. बीबीसीनं बागेत मायक्रोफोन लावला आणि ते वादन थेट प्रक्षेपित केलं. (त्या रात्री झुडपात पक्षी होता की शिट्टी वाजवणारी नकलाकार बाई, यावर अलीकडं तिकडं बराच वाद झाला. बाई असेल तर तिचं कौतुक आणखीच.) त्याच वर्षी १४ डिसेंबरला रोममध्ये ओत्तोरीनो रेस्पिगीची ‘पाइन्स ऑफ रोम’ ही रचना पहिल्यांदा वाजली. तिच्या तिसऱ्या भागाच्या शेवटी वाद्यवृंद मंदावतो आणि ग्रामोफोनवर नाइटिंगेलची तबकडी लावली जाते. कोणती तबकडी लावायची, हेदेखील रेस्पिगीनं स्वरलिपीत नमूद करून ठेवलं आहे.

दोघांचाही पक्षी नाइटिंगेलच, पण हॅरिसनच्या पक्ष्याला गप्प बसायची मुभा होती. रेस्पिगीच्या पक्ष्याला सुई टेकली की गावंच लागतं. मला ‘पाइन्स ऑफ रोम’ आवडत नाही असं नाही, पण तिथं नाइटिंगेल येतो तो लग्नाच्या मांडवात शेवटी अत्तर लावावं तसा. त्याच्या येण्यानं वाद्यांना काही फरक पडत नाही.

ऑक्स्टेडच्या त्या बागेतून दरवर्षी नाइटिंगेल ऐकवण्याचा बीबीसीचा परिपाठ पुढं बरीच वर्षं चालला. १९ मे १९४२च्या रात्री पक्षी गात असताना आकाशातून घरघर ऐकू यायला लागली. जर्मनीतल्या मानहाइमवर बॉम्ब टाकायला ब्रिटिश विमानं निघाली होती. हे थेट ऐकवलं तर शत्रूला आयती वर्दी मिळेल हे बीबीसीच्या इंजिनिअरच्या लक्षात आलं आणि त्यानं प्रक्षेपण तोडलं. ध्वनिमुद्रण मात्र चालू राहिलं. त्यात विमानांची घरघर वाढत जाते, डोक्यावरून जाते, विरते, आणि पक्षी पूर्ण वेळ गातच राहतो. त्या बागेतली इतकी मुद्रणं झाली, पण लोक आजही शोधून ऐकतात ते हेच. ‘बिघडलेलं’.

हे मला सारखं आठवतं, कारण आमच्याकडे बिघडल्याशिवाय काही मुद्रित होतच नाही.

भंडाऱ्यात रात्रीचा आवाज उतरवून घ्यायचा म्हणजे काय करायचं? श्रावणात, पऱ्हे रोवून झाल्यावर, एखाद्या बांधीच्या धुऱ्यावर जाऊन बसायचं. आजूबाजूला गुडघाभर धान, पाणी, चिखल. बेडूक इतके की एकेकाचा आवाज वेगळा काढता येत नाही. पहिल्या मोठ्या पावसात आमचा मोठा बेडूक लिंबासारखा पिवळा होतो, गालाच्या निळ्या पिशव्या फुगवतो आणि रात्रभर ओरडतो. त्याच्या वर रातकिड्यांचा थर. त्याच्या वर कुठंतरी टिटवी. आणि या सगळ्याच्या खालून, कधी उत्तरेकडून कधी दक्षिणेकडून, मुंबई-कोलकाता महामार्गाचे ट्रक. साकोलीच्या अलीकडे-पलीकडे कुठंही जा, ट्रक असतातच. ते नसले तर हावड्याकडे जाणारी मालगाडी असते. तीही नसली तर कुणाच्या तरी शेतातला मोटरपंप.

मोबाइलवर मुद्रण केलं तर आणखी एक गंमत. मोबाइलला माणसाचं बोलणं ऐकायचं असतं, त्यामुळं सतत चालणारा आवाज त्याच्या लेखी कचरा. रातकिडे तो आपणहून झाडून टाकतो. घरी येऊन ऐकावं तर बेडूक आहेत, टिटवी आहे, आणि मधे एक पोकळी. म्हणून साधा का होईना, वेगळा रेकॉर्डर लागतो, आणि वाऱ्याची फडफड येऊ नये म्हणून मायक्रोफोनवर फरचं टोपरं. अंधारात ते टोपरं घालून कुणी धुऱ्यावर बसलेलं पाहिलं की गावातली कुत्री वेगळंच मुद्रण देतात.

माझा एक मित्र जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि बासरी वाजवतो. ही मुद्रणं घेऊन काही करावं ही कल्पना त्याची. पेटी माझी. ढोलकीला आमच्या गावचे काका, ज्यांचा उभा जन्म दंडार आणि खडी गंमत या इथल्या लोकनाट्यांत गेला. पहिल्याच बैठकीत मित्रानं विचारलं, ट्रक काढून टाकायचे का? संगणकावर ते करता येतं. खालच्या पट्टीतला सगळा आवाज कापला की ट्रक जातात. पण त्यांच्याबरोबर मोठ्या बेडकाचा घोगरा खर्जही जातो.

मी म्हटलं, राहू दे. बेडकासाठीच म्हटलं. पण नंतर जसजसा विचार केला तसतसं वाटत गेलं, की ट्रक कापून जे ‘शुद्ध निसर्ग’ म्हणून उरतं ते भंडाऱ्यात कधी होतंच कुठं? हा तलावांचा जिल्हा. हे तलाव आभाळातून पडलेले नाहीत. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी शतकांपूर्वी पाळी घालून, नाले अडवून ते बांधले. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला म्हणून सांगतात. तलावाखाली बोड्या म्हणजे छोटी तळी, बोड्यांखाली बांध्या, आणि त्या पाण्यावर धान. बेडूक तिथं आहेत ते कुणीतरी पाणी अडवलं म्हणून. आणि सारस आहे तोही त्यामुळेच. दलदल त्याला प्रिय, पण घरटं तो खुशाल धानाच्या बांधीत करतो, शेतकरी निंदायला येतो-जातो तिथंच. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच, माणसाएवढा. महाराष्ट्रात तो उरला आहे तो गोंदिया-भंडाऱ्याच्या बाजूलाच. भंडाऱ्यात तर हाताच्या बोटांवर मोजावा इतकाच. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं आपणहून त्याची दखल घेतली, त्याच्यासाठी समित्या झाल्या. माणसाच्या कामातून जन्मलेल्या आवाजातून माणसाचं काम गाळून टाकायचं म्हणजे नेमकं काय गाळायचं?

सारसाचा आवाज आम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या परसवाड्याच्या तलावाकाठी, पुष्कळ लांबून घेतला. जवळ जायचं नाही, हे पथ्य. त्याची श्वासनळी छातीच्या हाडात वेटोळी घालून बसलेली असते, त्यामुळे हाक तुतारीसारखी घुमते आणि मैलभर जाते. जोडपं एकत्र हाक देतं तेव्हा नर पंख उचलतो, मादी मिटूनच ठेवते. नराच्या एका लांब हाकेला मादीच्या दोन आखूड. हे इतकं नेमकं चालतं, की न बघता ऐकणाऱ्याला एकच पक्षी ओरडतोय असं वाटावं.

आपल्या जुन्या संगीतग्रंथांत सात स्वरांना सात प्राणी दिले आहेत. मोराचा षड्ज, कोकिळेचा पंचम, हत्तीचा निषाद. मध्यम दिला आहे क्रौंचाला, आणि वाल्मीकीचा क्रौंच म्हणजे सारसच असं काही अभ्यासकांनी मांडलं आहे. तेव्हा सारसाचा मध्यम पेटीवर शोधावा असं मला वाटणं साहजिक होतं. मध्यम कुणाच्या षड्जापासून, हा प्रश्न आधी सोडवायला हवा होता, पण तो राहू द्या. पेटीत बारा सूर. नराच्या हाकेतला जो भाग थोडा टिकतो तो सापडला एका काळी आणि एका पांढरीच्या मधे. एक पट्टी दाबली तर पेटी चढी, दुसरी दाबली तर उतरी. कोकिळेचंही तसंच. ती पंचमावर बसत नाही, कशावरच बसत नाही. एकेक हाकेगणिक वर सरकत जाते आणि शेवटी वैतागल्यासारखी थांबते. पावशाही तसाच. शेतकऱ्याला ‘पेर्ते व्हा’ म्हणत तो चढत जातो. ज्यांनी ते सात प्राणी नेमले त्यांचे कान कच्चे होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्यापुढं पेटी नव्हती.

संगणकावर सारसाला अर्धा सूर वर-खाली ओढून पेटीत बसवणं एका मिनिटाचं काम. मित्रानं करूनही दाखवलं. सूर जुळला आणि सारस गेला. जे उरलं ते हॉर्न होतं. मग उलट बाजूनं सुरुवात केली. पेटी बाजूला ठेवली, कारण ती वाकत नाही. बासरी वाकते. फुंकीचा कोन बदलला, ओठ थोडे आत-बाहेर केले की तेच छिद्र चढं किंवा उतरं बोलतं. मित्रानं त्या हाकेलाच षड्ज मानलं. आणि खर्जाला आम्ही आणला गुंड. भंडारा हे पितळेच्या भांड्यांचं गाव. आमच्या घरात आजीच्या वेळचा एक जड पितळी गुंड माळ्यावर पडून होता. तो चुंबळीवर ठेवून कापड गुंडाळलेल्या काठीनं वाजवला तर चांगला दीर्घ बोलतो, आणि पाणी घालत गेलं तसा उतरतो. सारसाची हाक स्पीकरवर लावायची, गुंड वाजवायचा, तांब्यानं थोडं पाणी ओतायचं, पुन्हा वाजवायचं. दोन सूर जवळ येतात तसा त्यांच्यामधे एक थरथराट सुरू होतो, तो मंदावत जातो, आणि एका ठिकाणी नाहीसा होतो. तिथं थांबायचं. जास्त ओतलं गेलं तर फुलपात्रानं काढायचं. पितळेच्या कडेवर बोट ठेवलं तर सूर जुळल्याचं बोटालाही कळतं. काकांनी तोवर ढोलकी त्याच सुरात चढवून ठेवली होती आणि ‘झालं का नाई तुमचं पानी भरनं?’ असं विचारत होते.

हे असं जुळवल्यावर जे वाजलं त्यात सारसाला कुणी साथीला बसवलेलं नव्हतं. साथीला आम्ही होतो. ऐकण्याचं काम ज्याला येतं त्यानं करावं. मुद्रण ऐकू शकत नाही, तर ऐकण्याची जबाबदारी पूर्ण आमच्यावर.

फिनलंडच्या आइनोयुहानी राउतावारानं हे फार पूर्वी मोठ्या प्रमाणावर केलं आहे. १९७२ साली ओउलू विद्यापीठानं त्याला पदवीदान समारंभासाठी रचना करायला सांगितलं. त्यानं उत्तर ध्रुववृत्ताच्या आसपासच्या आणि लिमिंकाच्या दलदलीतल्या पक्ष्यांचे आवाज मुद्रित करून ‘कांतुस आर्क्टिकुस’ लिहिलं, पक्षी आणि वाद्यवृंद यांच्यासाठी. एरवी अशा रचनेत वाद्यवृंदापुढे व्हायोलिन किंवा पियानोचा एकटा कलावंत असतो, तिथं त्यानं पक्षी बसवले. सुरुवातीला दोन बासऱ्या अशा फिरतात, की दलदलीतल्या पाखरांची भाषा शिकताहेत. मधल्या भागात शृंगी चंडोलाचं गाणं दोन सप्तकं खाली उतरवलेलं आहे. आवाज संथ केला की पाखरू एका चुटकीत काय काय म्हणून गेलं ते आपल्या कानाला उलगडतं. शेवटी हंसांचे थवे येतात, वाढत जातात, आणि वाद्यं त्यांच्याखाली दबून जातात. रेस्पिगीचं अत्तर इथं नाही. मी हे ऐकताना दरवेळी नवेगावच्या थंडीतल्या बदकांकडे जातो, पण तो माझा दोष.

आपल्या देशातही याची सुरुवात लवकर झाली होती. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीनं मूग सिंथेसायझर बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर अशा मंडळींनी तिथं प्रयोग केले. चार-दोन वर्षांत तो बंद पडला आणि टेपा अर्धशतक कपाटात राहिल्या. २०२३मध्ये त्यातल्या काही प्रसिद्ध झाल्या. त्यात माथुरांच्या एका तुकड्याचं नाव ‘माय बर्ड्स’ आहे, दुसऱ्याचं ‘वन्स आय प्लेड अ तानपुरा’.

आमच्या झाडीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मात्र रान ऐकणं हे काम संगीतवाल्यांनी नाही, लेखकांनी केलं. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात येऊन राहिले आणि त्यांनी ‘नागझिरा’ लिहिलं. तेव्हा ते रान भंडारा जिल्ह्यातच होतं. गोंदिया वेगळा झाला तो १९९९ साली. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले, माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्यांबरोबर रानात फिरले आणि आयुष्यभर पुरेल इतकं ऐकून गेले. जून २०२५मध्ये ते गेले तेव्हा पुष्कळांनी त्यांच्या शब्दसंग्रहाबद्दल लिहिलं. कानांबद्दल फार कुणी लिहिलं नाही. पुण्याचे किरण पुरंदरे नागझिऱ्यात चारशे दिवस राहिले, ‘सखा नागझिरा’ लिहिलं, आणि नंतर साकोली तालुक्यातल्या पिटेझरीलाच येऊन स्थायिक झाले. पक्ष्यांच्या हाका ते ओठांनी काढतात आणि पक्षी उत्तर देतात. त्यांना स्पीकर लागत नाही. स्पीकर घेऊन रानात जाणं तसंही बरं नव्हे. विणीच्या दिवसांत मुद्रित हाक वाजवली तर पक्ष्याला वाटतं हद्दीत कुणी घुसला, आणि तो घरटं सोडून भांडायला धावतो. म्हणून रान गावात आणायचं, गाव रानात न्यायचं नाही, एवढा नियम आम्ही पाळला.

नदी मात्र आणता आली नाही. वैनगंगेवाचून भंडाऱ्याचं संगीत ते कसलं, म्हणून कारध्याच्या पुलाजवळ गेलो. गोसीखुर्दच्या धरणाचं भूमिपूजन १९८८मध्ये राजीव गांधींच्या हस्ते झालं, आणि आता त्याचं पाणी मागं फुगून भंडारा शहरापर्यंत येतं. पात्र भरलेलं दिसतं, जलपर्णीनं हिरवंही. पण धार नाही आणि धारेवाचून नदीला आवाज नाही. मुद्रणात आली ती पुलावरची वाहनं आणि एक धुणं धुणारी बाई. वाहती वैनगंगा ऐकायला तुमसरकडे माडगीला जावं लागलं, जिथं पात्रातल्या खडकावर नृसिंहाचं देऊळ आहे आणि पाणी दगडांमधून वाट काढतं. ते मुद्रण चांगलं आलं. तरी आम्ही कारध्याचंच वापरलं. माडगीचं पाणी कुठल्याही नदीचं वाटतं. कारध्याला जो आवाज नाही तो फक्त आमचा आहे. बासरी तिथं एकच सूर धरते आणि मागं धोपटण्याचा आवाज येत राहतो. मित्राला हे रुचलं नाही. अजूनही आमचं त्यावर जुळत नाही.

खरी परीक्षा कार्तिकात झाली. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, खडी गंमत, मिठाईची आणि बांगड्यांची दुकानं, पाहुण्यारावळ्यांनी भरलेली घरं, आणि रात्री नाटक. झाडीपट्टीतला माणूस वर्षातून एकदा घरी येणार असेल तर तो मंडईला येतो. आमचा तुकडा मंडईत वाजवावा असं ठरल्यावर रंगीत तालीम शाळेच्या पटांगणात, उघड्यावर, रात्री घेतली. श्रावणातलं बांधीचं मुद्रण लावलं. बेडूक सुरू झाले, रातकिडे सुरू झाले. बासरी आली. काकांनी केरवा धरला आणि चार आवर्तनांत सोडून दिला.

‘मास्तर, हे दोन दोन लयी कायले वाजवून राह्यले?’

आम्हाला कळेना. काकांनी स्पीकर बंद करायला सांगितलं. रातकिडे चालूच होते. पटांगणाच्या कुंपणातले, जिवंत. थंडी पडायला लागली होती आणि ते संथ, ऐसपैस किरकिरत होते. पुन्हा स्पीकर लावला. श्रावणातले रातकिडे त्यांच्या जवळजवळ दुप्पट घाईत. रातकिड्याची लय हवेच्या उष्णतेवर चालते, उबेत भरभर, गारठ्यात संथ. आमोस डॉलबेअर या अमेरिकन शास्त्रज्ञानं १८९७ साली त्यावर लेख लिहून किरकिरण्यावरून तापमान काढायचं सूत्रच देऊन ठेवलं आहे. मी ते वाचलेलं होतं. काकांनी ते ढोलकीवर पकडलं. नंतर आमच्या जुन्या मुद्रणांमधून एकाच धुऱ्यावरचं संध्याकाळचं आणि पहाटेचं शोधून त्यांना ऐकवलं. पहाटेचं लावताच त्यांनी केरव्याचा धुमाळी ठेका धरला आणि म्हणाले, ‘हे बराबर हाये. हे थकले आता.’

तेव्हापासून रचना बदलली. मुद्रणातले रातकिडे आणि बेडूक काढले. त्या रात्री जे हजर असतील ते आपापल्या लयीत वाजवतील, काका त्यांच्या मागं जातील. स्पीकरवर फक्त ते उरले जे त्या गावात आता नाहीत. सारस आणि वैनगंगा. ट्रकही मुद्रणात ठेवायची गरज उरली नाही, ते येणारच होते. एकंदरीत आमच्या ध्वनिमुद्रित संगीतात ध्वनिमुद्रण फारच थोडं शिल्लक राहिलं, आणि हे चांगलं झालं असं माझं मत आहे. रेकॉर्डर, टोपरं, संगणक यांवर पैसे घातलेल्या मित्राचं तितकंसं नाही.

मंडईच्या समितीपुढे विषय गेला तेव्हा पहिला प्रश्न आला, यात गाणं कोण म्हणणार? सारस, असं सांगितल्यावर दोघं-तिघं हसले. एका वयस्क सभासदाला ते हसण्यासारखं वाटलं नाही. त्यांच्या लहानपणी त्यांच्याच बांधीत जोडी उतरत असे. किती वेळ घेणार? वीस मिनिटं. मग चर्चा बरीच लांबली. नाटकाच्या मधल्या वेळेत ठेवावं तर लोक चहाला उठतात, शेवटी ठेवावं तर पहाट होते, आणि दंडारीच्या वेळेला हात लावू देणार नाही असं काकांनीच बजावलं. अखेर ठरलं, की नाटकाआधी, लोक चटया आणि पोती अंथरून जागा धरत असतात तेव्हा वाजवायचं. घोषणा करायची नाही. बिदागी मिळणार नाही, स्पीकर नाटकवाल्यांचा वापरायचा, आणि गुंडात भरायचं पाणी आपलं आपण आणायचं.